अक्का, इटलीत राजेशाही कुठं राहायचं?

गेल्या अंकात मी इटलीतल्या उंब्रिया प्रांतावर अर्धं पान लिहिलं, इटली बघायची तर या एकाच प्रांतात मुक्काम करा असं सांगितलं आणि अडकले. पत्रं आली, व्हॉट्सअॅपवर निरोप आले, एका गृहस्थांनी तर खडेबाजारात हातात मेथीची जुडी असताना मला गाठलं. निवडक प्रश्न इथं घेतलेत. नव्या वाचकांसाठी एवढंच, की मी खानापूरच्या शाळेत भूगोल शिकवत होते. निवृत्तीनंतर वर्षातून एकदा दहा-पंधरा जणांना घेऊन कुठं ना कुठं जाते. उंब्रियाला सहा वेळा गेले, त्यांतल्या दोन वेळा एकटी आणि स्वतःच्या पैशानं.

फौंड्री मुलाच्या हाती दिली. लग्नाला पस्तीस वर्षं झाली, बायकोला आजवर महाबळेश्वर आणि एकदा दुबई एवढंच दाखवलं. यंदा पैशाकडं बघायचं नाही म्हटलंय. एजंट सांगतो, बारा दिवसांत रोम, फ्लोरेन्स, व्हेनिस, मिलान आणि वर स्वित्झर्लंड. तुम्ही म्हणता एकाच प्रांतात राहा. एका प्रांतात बारा दिवस करायचं काय, अक्का? — एक वाचक, अनगोळ

एजंटाच्या कागदावर बारा दिवस दिसतात. त्यांतले चार दिवस बॅगा भरणं, बॅगा सोडणं आणि खोली मिळेपर्यंत हॉटेलच्या सोफ्यावर पेंगणं यातच जातात. साचा बदलताना काम किती वेळ बंद राहतं, ते फौंड्रीवाल्याला मी काय सांगणार?

उंब्रियाला समुद्र नाही आणि परदेशाची सीमाही नाही. इटलीच्या वीस प्रांतांत असा हा एकच. सगळा मिळून साडेआठ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे तेरा हजारांवरच्या आपल्या बेळगाव जिल्ह्यापुढं धाकटाच. रोमला उतरलात की मोटारीनं अडीच तासांच्या आत पोचता. एका घरी मुक्काम ठेवला तर जवळजवळ सगळा प्रांत सकाळी निघून संध्याकाळी परत येण्यासारखा आहे.

म्हणून पैसा हॉटेलांच्या ताऱ्यांवर न घालता घरावर घाला. डोंगरउतारावरचं जुनं दगडी शेतघर, सभोवती ऑलिव्ह, पुढं पोहायचा तलाव, अशी घरं तिथं भाड्यानं मिळतात. बहुतेक शनिवार ते शनिवार देतात, त्यामुळं विमानाचं तिकीट काढायच्या आधी घराचा वार बघा. मालकाला सांगून आठवड्यातून तीनदा स्वयंपाकीण ठरवा आणि चालकासकट गाडी घ्या. माझ्या हिशेबानं राजेशाही ती हीच. मेचा शेवट ते जून, नाहीतर सप्टेंबर ते मध्य ऑक्टोबर हे दिवस चांगले. ऑगस्टमध्ये जाऊ नका. ऊन कडक असतं, आणि १५ ऑगस्टच्या सणाच्या आगंमागं निम्मी दुकानं कुलूप लावून समुद्रावर गेलेली असतात.

पहिले दोन दिवस काहीच ठरवू नका. माझ्याबरोबर आलेल्या टिळकवाडीच्या एक बाई पहिल्या सकाळी आठला पर्स काखोटीला मारून हजर. "आज काय बघायचंय?" म्हटलं, "काही नाही." त्यांचा चेहरा असा झाला, की आता पैसे परत मागतात काय! चौथ्या दिवशी त्याच बाई तलावात पाय सोडून बसल्या होत्या आणि असिसीला यायला तयार नव्हत्या.

असिसीला मात्र जायचंच, आणि सकाळी लवकर, बसगाड्या यायच्या आत. संत फ्रान्सिसच्या बॅसिलिकेचं काम १२२८ साली सुरू झालं. एकावर एक अशी दोन चर्चेस आहेत. वरच्या चर्चच्या भिंतींवर फ्रान्सिसच्या आयुष्याची अठ्ठावीस चित्रं आहेत, ती जोत्तोची मानतात. २६ सप्टेंबर १९९७ च्या भूकंपात छताचा काही भाग कोसळला आणि चार माणसं दगावली. मग चित्रांचे हजारो तुकडे वेचून, जुळवून पुन्हा वर बसवले. आत फोटो काढता येत नाही, बोलताही येत नाही. फ्रान्सिस कापडाच्या श्रीमंत व्यापाऱ्याचा मुलगा होता, अंगावरचे कपडेसुद्धा बापाला परत देऊन निघाला. इतके पैसे मोजून आलेल्या माणसाला तिथं उभं राहताना जरा ओशाळायला होतं. मला झालं.

ओर्विएतोला कथीड्रल सगळेच दाखवतात. १२९० मध्ये सुरू झालेलं ते काम बघण्यासारखं आहेच, पण तुम्ही यंत्रातले, तुम्हाला विहीर जास्त आवडेल. १५२७ मध्ये रोम लुटलं गेलं तेव्हा सातवा क्लेमेंट पोप पळून ओर्विएतोला आला. गावाला वेढा पडला तर पाण्याचं काय, म्हणून त्यानं ही विहीर खोदायला लावली. खोली ५३ मीटर. आत दोन गोल जिने एकमेकांभोवती फिरतात, प्रत्येकी २४८ पायऱ्या. पाणी भरायला उतरणारं खेचर एका जिन्यानं जायचं आणि भरलेलं दुसऱ्यानं यायचं, वाटेत गाठच पडायची नाही. उतरताना आपणही गप्पा मारत जातो. चढताना कुणी बोलत नाही.

वहिनींसाठी स्पेल्लो. कॉर्पस क्रिस्टीचा सण मे-जूनमध्ये येतो. आदल्या रात्री गावातली लहानथोर माणसं गुडघ्यांवर बसून गल्ल्यांतून फुलांच्या पाकळ्यांचे गालिचे घालतात. सकाळपर्यंत सगळं व्हायला लागतं, कारण मग त्यावरून मिरवणूक जाते. आपल्याकडं पालखीपुढं रांगोळी घालतात तसंच, फक्त हे एक-दीड किलोमीटर चालतं. रात्री जाऊन ते बसलेले हात बघा. सकाळचा गालिचा फोटोत मिळतोच.

बाकीचं थोडक्यात. पहाटे गरम हवेच्या फुग्यातून फेरी, एकदा कराच. मोन्तेफाल्कोची सग्रांतीनो वाइन जिभेला करवंटीसारखी लागते, घेणाऱ्यांनी जेवणाबरोबर घ्यावी. ऑक्टोबर-नोव्हेंबरात गेलात तर ऑलिव्हच्या घाण्यावर जा. नुकतं काढलेलं तेल घशात मिरीसारखं झोंबतं, आणि तेच चांगल्या तेलाचं लक्षण. पेरुजा शहरात चढ फार आहे, पण पोप तिसऱ्या पॉलनं बांधलेल्या किल्ल्याच्या पोटातून सरकते जिने वर जातात, तेव्हा गुडघ्यांची काळजी नको. या पोपनं १५४० मध्ये मिठावरून पेरुजाशी युद्ध केलं. तेव्हापासून इथली पावरोटी अळणी, असं लोक सांगतात. खरं-खोटं पोप जाणे, रोटी मात्र खरंच अळणी असते. शेंगाचटणी बरोबर ठेवा. जुलैत शहरात जॅझचा मोठा महोत्सव असतो, १९७३ पासूनचा. गाणं आवडत असेल तर तेव्हाच जा, नसेल तर त्या दहा दिवसांत फिरकूही नका.

आमचं घराणं मागवाल्यांचं. हातमाग गेले, पॉवरलूम आले, आता तेही निम्मे बंद. मुलगी टेक्स्टाइल शिकते. तिच्या मामानं तिला सुट्टीला इटलीला न्यायचं कबूल केलंय. तिला बघण्यासारखं काही आहे का, की नुसती दुकानं? — एक मागवाला, वडगाव

आहे की! पेरुजात तेराव्या शतकातल्या, आता पूजा न होणाऱ्या एका चर्चमध्ये हातमागाचा कारखाना आहे, ज्युदित्ता ब्रोझेत्ती नावाचा. १९२१ मध्ये एका बाईनं सुरू केला, आजही तिच्याच घरातली माणसं चालवतात. दगडी कमानींखाली जुने जकार्ड माग उभे आहेत. भोकांचे पुठ्ठे वर सरकतात आणि त्याप्रमाणं ताणा उचलला जातो. शहापूर-वडगावच्या पोरीला यातलं काही समजावून सांगावं लागणार नाही, उलट तीच मामाला सांगेल. जुन्या पेरुजाच्या कापडावर पांढऱ्या जमिनीवर निळ्या पट्ट्यांत पक्षी, सिंह आणि अर्धा गरुड अर्धा सिंह असा एक प्राणी विणलेला असायचा. ते नमुने इथं अजून विणतात. आधी वेळ घेऊन जावं लागतं.

दुसरं ठिकाण चित्ता दी कास्तेल्लो. तिथं १९०८ मध्ये आलीस हालगार्तेन फ्रांकेत्ती या एका उमरावाच्या बायकोनं तेला उंब्रा नावाची लिननच्या कापडाची हातमागशाळा काढली. का, ते मुलीला जरूर सांगा. गावातल्या गरीब बायकांना रोजगार मिळावा म्हणून, आणि त्यांच्या पोरांसाठी मागांच्या शेजारीच बालवाडी ठेवली होती. मारिया मोन्तेस्सोरीनं १९०९ मध्ये शिक्षिकांचा आपला पहिला वर्ग घेतला तोही याच गावाजवळ, या फ्रांकेत्तींच्या बंगल्यात. आज गल्लोगल्ली मोन्तेस्सोरीच्या पाट्या दिसतात, त्यांचा धागा असा एका मागापर्यंत जातो. माग अजून चालू आहेत, वर संग्रहालय आहे.

त्राझिमेनो तळ्यातल्या माज्जोरे बेटावर विसाव्या शतकाच्या आरंभी सुरू झालेलं क्रोशाचं लेसकाम आहे. नावेनं जायचं. बेटावर बारमाही राहणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी, त्यामुळं दारात बसून विणणारी म्हातारी दिसेलच अशी खात्री देत नाही.

मामाच्या खिशाला झेपलं तर सोलोमेओ. जुनं पडकं खेडं एका काश्मिरी लोकरीच्या कंपनीनं दुरुस्त करून तिथंच आपलं बिऱ्हाड थाटलं. स्वेटरची किंमत वाचून मी चष्मा पुसून पुन्हा वाचली. विकत घेऊ नका, शिवण उलटून बघा.

आणि देरुताला मातीची भांडी. मी खानापूरची, तिथं कुंभारकामाची शिक्षणसंस्था आहे, म्हणून मला वाटायचं आपल्याला काय नवीन! पण रंगवायला बसले आणि दीड तासात एक पान आणि अर्धं फूल झालं. शेजारची मुलगी तेवढ्यात अख्खी थाळी संपवून चहाला गेली होती. म्हणजे कॉफीला.

आमची तंबाखूची वखार होती. सीमाभागात जन्म गेला. इटलीत जाऊन सीमा आणि तंबाखू सोडून काहीतरी बघायचंय! — एक वाचक, निपाणी

तुमची इच्छा मी पुरी करणार नाही. कारण उंब्रियाच्या उत्तर टोकाला, टस्कनीच्या हद्दीवर कोस्पाया नावाचं खेडं आहे, आणि ते निपाणीच्या माणसानं बघितलं नाही तर कुणी बघायचं?

झालं असं. तेव्हा या भागात पोपचं स्वतःचं राज्य होतं. १४४० मध्ये पोप चौथा यूजीन आणि फ्लोरेन्स यांच्यात व्यवहार होऊन सानसेपोल्क्रो हे गाव फ्लोरेन्सकडं गेलं. करारात हद्द लिहिली, 'रिओ'. रिओ म्हणजे ओढा. आता तिथं रिओ नावाचे ओढे दोन, अर्ध्या किलोमीटरच्या अंतरानं. फ्लोरेन्सनं एक धरला, पोपच्या माणसांनी दुसरा. मधली पट्टी कुणाचीच नाही! मधल्या लोकांच्या हे लक्षात आलं आणि त्यांनी सांगून टाकलं, आम्ही आमचे. सैन्य नाही, तुरुंग नाही, कर नाही. घरांतले वडीलधारे एकत्र बसून काय ते ठरवायचे. चर्चच्या दारावर लॅटिनमध्ये कोरलंय, कायमचं आणि पक्कं स्वातंत्र्य.

हे ३८६ वर्षं चाललं. लिहिताना मी दोनदा वजाबाकी केली.

आणि तंबाखू? सोळाव्या शतकात सानसेपोल्क्रोच्या एका बिशपाकडं परदेशातून तंबाखूचं बी आलं. इटलीत या पिकाची सुरुवात झाली ती या भागात. पुढं पोपांनी तंबाखू ओढण्यावर बंदी आणली, कर बसवले. कोस्पायात कोण विचारणार? एवढीशी पट्टी, पण तंबाखूवर गब्बर झाली. दोन्हीकडचे चोरटे व्यापारीही इथंच आसऱ्याला. तुमच्या वखारीतल्या गोष्टी मी थोड्याफार ऐकून आहे, म्हणून पुढं लिहीत नाही. शेवटी १८२६ मध्ये पोप आणि टस्कनीनं पट्टी वाटून घेतली. गावकऱ्यांना मोबदला म्हणून माणशी एक चांदीचं नाणं आणि पाच लाख रोपांपर्यंत तंबाखू लावायची परवानगी.

आज तिथं बघायला फार काही नाही. चर्च, चार घरं, एक पाटी. पण खाली सान जुस्तीनोला तंबाखूचं संग्रहालय आहे, जुन्या वाळवणाच्या कारखान्यात. आत शिरताच नाकाला जे कळतं ते तुम्हाला ओळखीचं निघेल. खोऱ्यात अजून तंबाखू होतो, केंटकी जातीचा. तो धुरावर वाळवतात आणि टस्कनीच्या सिगारींना वापरतात. परतताना सानसेपोल्क्रोच्या संग्रहालयात पिएरो देल्ला फ्रान्चेस्काचं थडग्यातून उठणाऱ्या ख्रिस्ताचं भित्तिचित्र बघा. खाली चार शिपाई झोपलेत, वर तो एकटा टक्क जागा. माझ्याबरोबरच्या एकानं विचारलं, "अक्का, सीमेवरचे पहारेकरी काय हे?" तशी सीमा ती.

आम्ही सात जण, जैन. कांदा-लसूण नाही, आईला सूर्यास्तानंतर अन्न चालत नाही. एजंट म्हणतो, इटलीत पिझ्झा आहे की! आठवडाभर पिझ्झाच खायचा का? — चिकोडी

पिझ्झावर थांबू नका, आणि पिझ्झावर भरवसाही ठेवू नका. त्यांची बरीच चीजं, त्यात पार्मेझान आलंच, वासराच्या पोटातल्या रेनेटनं विरजतात. हे माहीत नसल्यानं आपली कितीतरी माणसं ते आनंदानं खाऊन येतात. आता तुम्हाला माहीत झालं, माफ करा. इटालियनमध्ये या रेनेटला 'काल्यो' म्हणतात. चीजच्या वेष्टनावर 'काल्यो व्हेजेताले' किंवा 'मिक्रोबिको' असेल तर ते चालेल.

तुमच्यासाठी तर घरच घ्या, हॉटेल नाहीच. स्वयंपाकिणीला पहिल्याच दिवशी सांगायचं: 'सेन्झा चिपोल्ला, सेन्झा आल्यो', म्हणजे कांदा नको, लसूण नको. गाजर-बटाटाही नको असेल तर भाज्यांची यादी लिहूनच द्या, कारण त्यांची फोडणी म्हणजे कांदा, गाजर आणि सेलेरी. बाई पहिल्यांदा घाबरतील. मग कास्तेल्लुच्चोच्या मसुरीचं नाव काढा, त्यांचा जीव भांड्यात पडेल. उंच पठारावरची ही बारीक मसूर भिजवावी लागत नाही आणि शिजून फुटतही नाही. दुसरं धान्य फार्रो. ते बघून मला हसू आलं, कारण फार्रो म्हणजे आपली खपली! मोन्तेलेओने दी स्पोलेतोच्या फार्रोला भौगोलिक मानांकन आहे आणि दुकानात तो सुबक पिशवीत, भारी किमतीला मिळतो. आपल्याकडं आज्जी खपलीची खीर करायच्या, तेव्हा त्याला कुणी विचारत नव्हतं.

भाकरीची आठवण झाली तर 'तोर्ता अल तेस्तो' मागा. गव्हाच्या पिठाची जाड रोटी, गोल तव्यावर भाजलेली, मधून चिरून पालेभाजी भरलेली. पिठात डुकराची चरबी नाही ना, एवढं विचारून घ्या: 'सेन्झा स्त्रुत्तो'. ट्रफल म्हणजे भुईखालची अळंबी, उंब्रियाचा मोठा अभिमान. ती तुम्हाला चालणार नाही, पण कुत्रा घेऊन ती शोधायला जातात त्या फेरीला पोरांना पाठवा, खाणं सक्तीचं नाही.

आता आईंचं. जूनच्या अखेरीस तिथं सूर्य मावळतो पावणेनऊच्या पुढं. रात्रीचं जेवण लोक साडेसात-आठला सुरू करतात. म्हणजे इटालियनांच्या 'रात्री'च्या जेवणाला तुमच्या आई सूर्यास्ताआधी सगळ्यांबरोबर बसतील. जूनच निवडा.

गोकाकचा धबधबा रोज बघणाऱ्यानं तिकडचा धबधबा बघावा काय? — गोकाक

बघावा, कारण तो माणसानं केलेला आहे. तेर्नीजवळचा मार्मोरेचा धबधबा. वेलिनो नदीचं पाणी साचून दलदल झाली होती, म्हणून इ. स. पू. २७१ मध्ये एका रोमन कॉन्सलनं कालवा खोदून ते कड्यावरून खालच्या नेरा नदीत सोडलं. तीन टप्प्यांत १६५ मीटर. आपला घटप्रभेचा गोकाक बावन्नच्या आसपास, पण रुंदी आणि आवाज आपलाच. आणि हो, तिथंही पाणी विजेला जातं. गिरणीची वीज पाण्यावर काढणाऱ्या गोकाककरांना त्याचं नवल नाही. फरक असा, की आपला धबधबा पाऊस उघडतो आणि तिथला घड्याळ. ठरलेल्या वेळी भोंगा होतो, दारं उघडतात आणि कोरड्या कड्यावर बघताबघता पाणी येतं. वेळापत्रक बघून जा. मी पहिल्यांदा गेले तेव्हा ओला खडक बघून आले.

व्हिसा मुंबईतून की बंगळुरातून? आणि तिकडं मी गाडी चालवू शकतो का? — खानापूर

तुमचा पत्ता कर्नाटकातला, तेव्हा अर्ज बंगळुरात. चंदगडचे व्याही बरोबर येणार असतील तर त्यांचा मुंबईत. एका पार्टीचे असे दोन तुकडे दोन राज्यांत पळवायची सवय आपल्याला आहेच. शेंगेन व्हिसाची, म्हणजे इटलीसकट युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणाऱ्या व्हिसाची, फी मोठ्यांना ९० युरो, शिवाय केंद्राचा आकार. विमा किमान तीस हजार युरोंचा हवा. सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. शेवटच्या पंधरवड्यावर ठेवू नका.

गाडी चालवता येते. आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढा आणि मूळ लायसन्सही जवळ ठेवा. पण जुन्या गावांच्या वेशीत बाहेरच्या गाड्यांना बंदी असते. लाल वर्तुळाची पाटी, खाली 'झोना त्राफिको लिमितातो'. कुणी अडवत नाही, कॅमेरा नंबर टिपतो. माझा भाचा पेरुजात एकाच चौकातून तीनदा फिरला, पार्किंग शोधत. चार महिन्यांनी तीन दंड घरी आले.

वडील मराठा रेजिमेंटमध्ये होते, दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढले. ते फारसं बोलत नसत. उंब्रियात त्यांच्या पलटणीची काही खूण आहे का? आम्ही सुट्टीलाच जाणार आहोत, पण एक दिवस काढू. — कॅम्प, बेळगाव

आहे. दिवस नको, सकाळ पुरेल, पण ती सकाळ मोकळी ठेवा.

टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात मोन्तोने नावाचं डोंगरावरचं गाव आहे. जुलै १९४४ मध्ये दहावी भारतीय डिव्हिजन या खोऱ्यातून उत्तरेकडं सरकत होती. १० जुलैला पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या बटालियनमधल्या नाईक यशवंत घाडगे यांच्या तुकडीवर जवळून मशीनगनचा मारा झाला. ते सोडून बाकी सगळे पडले, कुणी ठार, कुणी जखमी. ते एकटे मशीनगनच्या ठाण्यावर धावून गेले. आधी हातगोळा, मग टॉमीगन. दुसरी मॅगझिन भरायला वेळ नाही म्हटल्यावर बंदूक उलटी धरून उरलेल्यांना मारलं. ठाणं घेतलं आणि तिथंच लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या त्यांना लागल्या. वय बावीस, गाव रायगड जिल्ह्यातलं, माणगावकडचं. व्हिक्टोरिया क्रॉस मरणोत्तर मिळाला. त्यांची कबर किंवा समाधी नाही. कासिनोच्या युद्धस्मारकावर नाव आहे.

मोन्तोनेत जुलै २०२३ मध्ये त्यांच्या नावानं स्मारक झालं. पुतळा नाही, सूर्यघडी आहे. त्यावरच्या लॅटिन ओळीचा अर्थ, आपण सगळे एकाच सूर्याखाली. मी गेले त्या दिवशी ढग होते, काट्याची सावलीच पडली नव्हती. आमचा चालक, साठीचा माणूस, लांब उभा होता. त्याला मी खुणांनी सांगितलं, की या पलटणीचं केंद्र आमच्या बेळगावात आहे, सकाळी कवायतीचा आवाज येतो. त्यानं टोपी काढली, मग घड्याळ बघितलं आणि सूर्यघडीवरच्या एका आकड्यावर बोट ठेवून म्हणाला, "आता इथं असती."

गाडी गावाखाली लावावी लागते, वरची चढण खडी आहे. आई बरोबर असतील तर काठी घ्या. सीमा ओलांडून टस्कनीत अरेझ्झोला युद्धातल्या मृतांचं दफनस्थान आहे. तिथं भारतीय सैनिकांच्या कबरी आहेत, आणि दहन झालेल्यांसाठी वेगळं स्मारक. नावं सावकाश वाचा. आपल्याकडची आडनावं भेटतात.

तिथल्या यजमानांना द्यायला कुंदा नेला तर चालेल का? — शहापूर

नाही. दुधाचे आणि मांसाचे पदार्थ बाहेरून युरोपात न्यायला बंदी आहे, आणि कुंदा म्हणजे दूधच. मला हे विमानात शेजारच्या बाईंनी सांगितलं तेव्हा आमच्याकडं दोन किलो होता. टाकायला कुणाचा हात होईना. रोमच्या विमानतळावर बॅगा पट्ट्यावर यायला चाळीस मिनिटं लागली. तेवढ्यात आम्ही तेरा जणांनी, दोन अनोळखी गुजराती कुटुंबांना हाताशी घेऊन, उभ्या उभ्या तो संपवला.